चंदूभाऊजींच्या बॅनरची सावली

२ डिसेंबर
मोबाइलवर बघितलं, गच्चीवरच्या सोलर पॅनलची वीज निम्म्यावर. आभाळ तर लख्ख! वर गेले. दक्षिणेला धाकट्या दिरांचं, चंदूभाऊजींचं घर. त्यांच्या गच्चीवर त्यांच्याच वाढदिवसाचा बॅनर, हाताची घडी घालून हसतायत. थंडीचं ऊन कललेलं, सावली थेट आमच्या पुढच्या पॅनलवर. सगळे एकाला एक जोडलेले. एकावर सावली पडली की अख्खी ओळ ढेपाळते. माझा डंका, मसाला कांडायचं मशीन, ह्याच विजेवर.
भाऊजींना हाक मारली. "वाढदिवस झाला का काढतो, वयनी."

९ डिसें.
वाढदिवस झाला. केक, डीजे, सगळं. बॅनर तिथंच. नुसता मजकूर बदलला. नववर्षाच्या शुभेच्छा. आत्तापासून!
बिल्डरला टॉवरसाठी दोन्ही घरं एकत्र हवीत. भाऊजींनी सही केली, मी नाही. घर माझ्याही नावावर आहे. त्याचाच राग. आज तोंडावर म्हणाले, "सही कर, टावरमध्ये लाइटच लाइट."
म्हटलं, "लाइट मी बनवते, भाऊजी."

१२ डिसें.
हे म्हणतात, उतरवू पॅनल, भावाशी वाकडं नको. जेवले नाहीत नीट. वाईट वाटलं, पण...
नाही उतरवणार. वेल्डरला बोलावलं. ओळ मागे सरकवायची, लोखंडी सांगाड्यावर उंच चढवायची. तिथं मी मिरच्या वाळवते. त्या आता अंगणात.

१७ डिसें.
वेल्डिंग सुरू. भाऊजी कठड्यावरून, "कोणाला विचारून?" मी वेल्डरला म्हटलं, चालू ठेव.
दुपारी सुनंदा आली, त्यांची बायको. पुढच्या दाराने, सगळ्यांदेखत, मिरच्यांची पिशवी घेऊन. "डंका चालू हाय ना, जाऊबाय?" नवरा वरून बघत होता. हिने मान वर केली नाही. तिचा मसाला आधी कांडला.

२३ डिसें.
पॅनल वर चढले. सावली आता खाली, मोकळ्या गच्चीवर. डंका चालून उरलेली वीज मीटरमधून बाहेर, वीज कंपनीच्या लाइनीत गेली, तेवढी बिलातून वजा. हे वर येऊन बघून गेले. थोड्या वेळाने परत आले.

२७ डिसें.
सकाळी भाऊजींच्या गच्चीवर बॅनरसाठी नवे पाइप चढवले. आधीच्यापेक्षा लांब. ह्यांनी चहा तसाच ठेवला. "आता गो?"
वेल्डरला फोन केलाय. विचारतो, ताई, किती उंच करायचं?
म्हटलं, तू ये तर खरं.