भाची, भाजी आणि बिनव्याजी मुदत

ती. मामांना आम्हा दोघांचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार वाचून चष्मा काढू नका, पुढे बरंच आहे.) गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत शोभेला? इकडे आम्ही ठीक. म्हणजे मंगळवारपर्यंत ठीक होतो. मंगळवारी तुम्हाला बँकेतून फोन आला होता. तो कशाचा, हे तुम्हाला अजून कळलं नसणार, म्हणून मुळापासून लिहिते.

आम्हाला एक वस्तू घ्यायची होती. (कोणती, ते मागाहून.) वस्तू महाग, माझी कमाई पडदे शिवण्याची, आणि ह्यांना उसनवारीचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर तुटण्याचा विचार आधी, वर जाण्याचा नंतर. मी म्हटलं, क्रेडिट कार्ड घेऊ. सुरुवातीचे काही महिने व्याज नाही, तेवढ्यात फेडून मोकळे होऊ. पण कार्डं निघाली तीन. एकाची मुदत दीड वर्ष, पण फी अशी की त्यापेक्षा व्याज परवडलं. दुसऱ्याची वर्षभर, तीसुद्धा त्यांनी ठरवून दिलेल्या दुकानांतच. तिसऱ्याची जेमतेम नऊ महिने, पण फी नाही. मी अर्थातच दीड वर्षावर भाळले. हे मात्र भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचत बसले आणि एका सकाळी चहा निवत ठेवून म्हणाले, "एक हप्ता चुकला की सवलत गेली. मग व्याज पहिल्या दिवसापासून." त्यानंतर आमच्यात फक्त 'मीठ द्या' आणि 'दार लावून घे' एवढंच संभाषण उरलं. (अबोल्यात स्वयंपाक फार खारट होतो, हा माझा अनुभव.) शेवटी नऊ महिन्यांवर तह झाला, तोवर त्या बिनव्याजी योजनेचा शेवटचा दिवस उजाडला होता.

बँकेत काचेमागे एक तरुण साहेब होता, हसू म्हणजे जणू बँकेची ठेव, मुदतीआधी मोडायची नाही. म्हणाला, वेगळं राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा किंवा ओळखीच्याचा नंबर द्या. मी मोठ्या अभिमानाने तुमचा दिला. त्याने तिथल्या तिथे फोन लावला, तोही स्पीकरवर.

"तुमच्या भाचीबद्दल विचारायचं होतं."

"भाजी नको. कालच आणलीय."

मला हसू आलं. साहेबाला आलं नाही. त्याने आवाज चढवून विचारलं, भाची विश्वासू आहे ना? तुम्ही म्हणालात, "श्वास? लागतो ना, जिना चढताना." ह्यांनी माझा हात असा आवळला की अंगठी रुतली. मागे शिपाई दिवे मालवायला लागला होता. आणि मग तो प्रश्न आला: त्यांच्याकडे कुणाची थकबाकी आहे का?

"आहे की!" तुम्ही खणखणीत सांगितलंत. "या वयात नसायला काय झालं?"

मामा, तुम्हाला थकवा ऐकू आला, हे मला कळलं. साहेबाला कसं कळावं? त्याने पेन उघडलं आणि अर्जावर लिहायला घेतलं. मी काचेच्या फटीतून हात घालून फोन ओढला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "मामा, मी बोलतेय!" सगळी बँक वळून बघायला लागली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" आणि फोन ठेवून दिलात.

साहेबाने पेन बंद केलं. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "दुसरं कुणी आहे?" एवढंच विचारलं. तेव्हा कुणाचं एक पैशाचं देणं न ठेवणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या मुकादमाचा नंबर सांगितला. (आता ह्यांच्या कामावर सगळीकडे चर्चा.) मुकादम भला, सगळे प्रश्न नीट ऐकून नीट उत्तरं दिली. कार्ड मिळालं. घरी आल्यावर जिन्यात हे म्हणाले, "पुढच्या वेळी मामांना पत्र लिही."

वडिलांच्या ठिकाणी आहात, म्हणून इतकं लिहिलं. राग मानू नये.

तुमची भाची

ता. क. वस्तू म्हणजे कानाचं यंत्र. तुमच्यासाठी. रविवारी माप घ्यायला माणूस येईल, त्याला दारातून परत पाठवू नका.

ता. क. तुमच्या शेजारीणबाईंनी मला सगळं सांगितलंय. रस्त्यात तुमच्या पाठीमागून आलेल्या त्या ट्रकने भोंगा वाजवला नाही, असं तुम्ही म्हणता. तो वाजवतच होता, मामा. बाईंनी ओढलं नसतं तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

ता. क. यंत्राचे पैसे कार्डावरून भरून टाकलेत, त्यामुळे 'मला सगळं ऐकू येतं' असं उलट टपाली कळवण्यात अर्थ नाही. यंत्र बसलं की फोन करा. तुमच्याशी नुसतं इकडचं तिकडचं बोलून किती वर्षं झाली.