टेकडीपलीकडचा अंधार

९ जानेवारी, शनिवार
खगोल मंडळाच्या निरीक्षणाहून आत्ताच परतलो. रागात लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सगळ्यांचे डोळे अंधाराला सरावले होते. डेंटिस्ट, म्हणजे आमच्या मंडळाचा स्वयंघोषित सर्वज्ञ, कुठलातरी फिकट तेजोमेघ दाखवत होता. मला थंडी वाजली. मफलर गाडीत. रिमोट दाबला, हेडलाइट लागले, मंडळाचे डोळे दिपले. एवढंच! तेवढ्यावरून त्याने मला सगळ्यांदेखत ‘हेडलाइटराव’ म्हणावं? सगळे खो खो हसले. बायकोसुद्धा. तिचं हसू मी अंधारातही ओळखतो.

याचा सूड घेतला नाही तर नाव सांगणार नाही.

१० जानेवारी
राग शांत झाला. आता फक्त सूड.

जुन्या मैदानाशेजारी पेट्रोल पंप झालाय, त्यामुळे मंडळाला नवी अंधारी जागा हवी आहे. ज्याची जागा पसंत पडेल तो निरीक्षणप्रमुख. डेंटिस्टने टेकडीखालचं माळरान सुचवलंय. मी त्याहून काळी जागा शोधणार. माझा पहिला हुकूम: यापुढे दुर्बिणी डेंटिस्टने उचलायच्या.

शोध उद्यापासून. रोज.

११ जानेवारी
सर्दी. गेलो नाही.

१३ जानेवारी
सर्दी बरी आहे, पण मूड नाही. बायको म्हणते मी झोपेत कराकरा दात खातो. खाणारच.

१६ जानेवारी
सापडली! टेकडीच्या दुसऱ्या बाजूला, बंद पडलेली वीटभट्टी. भर दुपारी पाहिली. बायको म्हणाली, अंधार बघायला दुपारी कोण जातं? मी म्हटलं, जाणकाराला दुपारीही कळतं. (रात्री मी घाबरत नाही. तिथे कुत्री आहेत.)

१७ जानेवारी
बैठक. ठरलं: ६ फेब्रुवारीला दोन्ही जागा पाहायच्या, काळी असेल ती घ्यायची. डेंटिस्टने माझ्या पाठीवर थाप मारली, शुभेच्छा दिल्या. कावेबाज!

१९ जानेवारी
माझी जागा काळी आहेच. पण त्याची उजळ झाली तर?

मेहुणा वीज कंपनीत आहे आणि डेंटिस्टच्याच माळाजवळ राहतो. संध्याकाळी भट्टीवर गेलो (कुत्री झोपली होती), तिथूनच त्याला फोन लावला. टेकडीपलीकडच्या रस्त्यावर मिट्ट काळोख आहे, लोक धडपडतात, दिवे लाव, असं कळवळून सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, झालंच समजा. आमच्या दारासमोरचा खांब वर्षानुवर्षं बंद आहे. त्यालाही तो झालंच समजा म्हणतो.

२७ जानेवारी
उजवीकडची दाढ ठणकतेय. लवंग धरली. डेंटिस्टकडे जाणार नाही. मेलो तरी.

४ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. दिवे लागले! पांढरे, झगझगीत, अख्ख्या रस्त्याला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाबद्दल मला प्रेम वाटलं.

आरशासमोर चेहऱ्याचा सराव केला. डेंटिस्टचा माळ उजळलेला दिसला की मी म्हणणार: अरेरे.

६ फेब्रुवारी
आधी डेंटिस्टचा माळ. काळाकुट्ट. स्वतःचा हात दिसेना. बायको आकाशाकडे बघून ‘आई गं’ म्हणाली. माझ्याकडे बघून असं कधी म्हणाली नाही. मी मनातल्या मनात मेहुण्याला सोलून काढला.

मग टेकडीला वळसा घालून माझ्या भट्टीवर. वळणापासूनच दिवसासारखा उजेड. भट्टीची वीट न वीट दिसत होती. मधोमध मेहुणा, मुद्दाम कौतुक करून घ्यायला आलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, बघा भाऊजी, तुम्ही म्हणालात ना, टेकडीपलीकडे दिवे लाव!

त्याच्या घरून पलीकडे म्हणजे इकडे. मी इथून पलीकडे म्हणत होतो, म्हणजे तिकडे. हे तिथे समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

कुणी हसलं नाही. दुर्बिणी गाडीत गेल्या. परतताना बायको खिडकीबाहेर बघत होती. मी इतक्या जोरात दातओठ खाल्ले की दाढेचा तुकडाच पडला.

८ फेब्रुवारी
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बायकोने हाताला धरून त्याच्याच दवाखान्यात नेलं. शहरात दुसरे डेंटिस्ट आहेत, पण बायको म्हणते आज सगळे बंद.

खुर्चीत आडवा. तोंडात कापूस, नळी आणि त्याची बोटं. त्याने वरचा मोठा दिवा लावला, माझ्या तोंडावर वळवला आणि अगदी मायेने विचारलं, हेडलाइट डोळ्यावर येतोय का?

कोपऱ्यातून बायकोचं हसू ऐकू आलं. मला आ वासलेल्या तोंडाने फक्त ‘आँ’ म्हणता आलं.