मंडईच्या दिवशीचा सेमिनार

१२ ऑक्टोबर
नागपूरहून निकेशचा फोन. दिवाळीनंतर दुकान विकून टाकू, तू इकडे राहायला ये, म्हणाला. जनरल स्टोअर्स आता चालत नाही म्हणे. माझ्या लेकाला काय कळतं? माणसं येतात, बसतात, ह्यांची आठवण काढतात. काही घेत नाहीत, तो मार्केटिंगचा प्रश्न.
ठरलं. साकोलीच्या व्यापाऱ्यांसाठी सेमिनार घ्यायचा. विषय : गिऱ्हाईक दुकानात कसं आणावं. मोबाइलवर लाइव्ह. निकेशने तो बघून मगच दुकानाचं ठरवायचं. बरं म्हणाला.

१५ ऑक्टोबर
भाषण लिहायला घेतलं. कॉन्व्हेंटमध्ये इलोक्यूशनचा कप मिळाला होता मला. सिस्टर म्हणायच्या, शेवटच्या बाकाकडे बघून बोल. ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे अजून सुचलेलं नाही, पण तेवढं उत्तम जमलंय.
एक बाई रिबीन मागायला आली होती. लिहितेय, नंतर या म्हटलं.

१७ ऑक्टोबर
तारीख २६, रविवार. दुकानात मदतीला असणारी रुखमा म्हणाली, “बाई, त्या दिवशी तं बाजूच्या गावची मंडई हाय. कोन येते तुमच्या भाषणाले?”
तिला समजावलं. दिवाळीनंतरची ही मंडईची जत्रा असली की इथली सगळी दुकानं बंद असतात. म्हणजे व्यापारी मोकळेच की. ती बरण्या पुसायला लागली. पटलं असावं.
आमचे हे, कृष्णराव, दरवर्षी त्या मंडईत बांगड्या, खेळणी घेऊन बसायचे. मी कधी गेले नाही, धूळ फार. येताना माझ्यासाठी रुमालात उकडलेले शिंगाडे आणायचे. घरी पोचेपर्यंत कोमट असायचे.

२० ऑक्टोबर
शूटिंगला धनीराम. आजवर फक्त लग्नंच केलीत. एन्ट्रीला फुलं उधळायची का, विचारत होता. नको म्हटलं. “मग मॅडम, माईक घेऊन हळूच चालत या, मी स्लो करून टाकतो.” लाइव्ह स्लो होत नसावं. विचारायला हवं.

२४ ऑक्टोबर
घरोघरी आमंत्रणं. हार्डवेअरवाले भोजराज म्हणाले, “येतो नं वहिनी. काहून नाही येनार? पाहू.” बाकीचेही ‘पाहू’ म्हणाले. नाही कुणीच म्हणालं नाही. हॉलवर खुर्च्या वाढवायला सांगितल्या.

२६ ऑक्टोबर, सकाळी
दुकानाला पाटी लावली : सेमिनारनिमित्त बंद. रुखमा विचारत होती, मी बांगड्यांची पेटी घेऊन मंडईत बसू का? आज? चहा कोण देणार?

दुपारी
हॉलमध्ये मी, रुखमा, धनीराम आणि चौकीदार. लाइव्ह वेळेवर सुरू झालं. थोड्या वेळाने धनीराम म्हणाला, “मॅडम, नुसत्या खुर्च्या किती दाखवू? मंडईतून मानसं धरून आनतो.” आणि गाडीवर बसून गेला. मोबाइल घेऊनच गेला.
तोवर मी शेवटच्या रांगेकडे बघून सराव केला. आवाज छान पोचतो.

संध्याकाळी
धनीराम माणसं न घेता आला. लाइव्ह बंद करायचं विसरला होता. म्हणाला, इतके व्ह्यू कोणत्याच लग्नाला मिळाले नाहीत.
मग निकेशचा फोन. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. भोजराजकाका बादल्या विकत होते म्हणे, हातांना उसंत नव्हती. सगळी साकोली तिथे दिसली. “बाबांच्या जागेवर दुसरंच कुणी बांगड्या भरत होतं. आई, आपलं दुकान नाही दिसलं गं कुठे.”
रेंज नसेल, म्हटलं.
धनीरामने शिंगाडे आणले होते. गार झालेले.

२९ ऑक्टोबर
निकेश दुकान घेणाऱ्याला घेऊन आला. टेप लावून भिंती मोजल्या. माणूस सभ्य आहे, मोबाइलचं दुकान टाकणार. मी पुढच्या सेमिनारचा विषय काढला. दोघांनीही ऐकून घेतलं.
तेवढ्यात ती रिबीनवाली बाई पुन्हा आली. लाल हवी होती. मी रिबिनींच्या बरणीपर्यंत पोचायच्या आत निकेशने तिला सांगितलं, दुकान बंद झालं.