मीठपाणी कोणी पाजलं?

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि मी आज पत्र लिहायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आपटा गाव काय लांब आहे, जाऊच की रविवारी, असं म्हणत राहिले. कालपासून मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही. निखिल शाळेतून यायला अजून दोन तास आहेत. तो यायच्या आत मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय.

काल खालच्या सावंतांची दीड वर्षाची मुलगी रॉकेल प्यायली. तिची आई घाईघाईनं पेल्यात मीठ ढवळत होती. आपला निखिल धावत गेला आणि त्यानं पेला तिच्या हातातून काढून घेतला. "काकू, उलटी नका करवू. माझ्या आजीनं मला मीठपाणी पाजलं होतं, मी मरता मरता वाचलो," हे तो सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. मुलगी बरी आहे. डॉक्टरांनी दिवसभर नजरेखाली ठेवून घरी पाठवली. सगळ्यांनी निखिलची पाठ थोपटली. मी तिथेच उभी होते, आई.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? हा काय प्रश्न झाला! गॅस संपला होता, नंबर लागायला आठवडा होता, म्हणून माळ्यावरचा स्टोव्ह काढला होता. मी त्यात रॉकेल भरलं आणि उरलेलं पेल्यात तसंच ओट्याखाली ठेवलं. निखिल तेव्हा दीड वर्षाचा, घरभर दुडदुडणारा. तुम्ही गच्चीवरून कपडे घेऊन आलात तेव्हा तो खोकत होता आणि त्याच्या झबल्याला वास येत होता.

मी मिठाची बरणी घेतली. तुम्ही माझा हात धरलात. नको पाजू म्हणालात, आमच्या आळीत एका पोराला असंच पाजलं तर ते त्याच्या छातीत गेलं. मी हात झटकला. शाळेत गाइडच्या कॅम्पात प्रथमोपचार शिकलेली, बी.एस्सी. झालेली सून मी! पोटात विष गेलं की उलटी करवायची, हे मला पाठ होतं. चौथी शिकलेल्या बाईचं काय ऐकायचं, हेही तेव्हा मनात आलं होतं. आता लपवून काय करू? निखिलनं दोनदा उलटी केली, मध्येच त्याला ठसका लागला, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिनं त्याला हात लावायच्या आधी झबलं वर केलं आणि छातीकडे बघत घड्याळावर श्वास मोजले. मग मला विचारलं. किती प्यायला? घोटभर. केव्हा? अर्धा तास झाला. उलटी करवलीत का?

मी नाही म्हणाले.

का म्हणाले? बारा वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय. तिच्या प्रश्नाच्या सुरावरूनच मला कळलं होतं की माझं चुकलंय. तिच्यासमोर अडाणी ठरायची लाज वाटली, दुसरं काय! तिनं मान हलवली. मग फारसं घाबरू नका म्हणाली, थोडा वेळ बसा, काही वाटलं नाही तर घरी न्या. आणि ती हात मोडलेल्या एका मुलाकडे वळली.

तेव्हा मागून तुम्ही बोललात. "बाई, उलटी करवलेली हाय. दोन वेला. मीच पाजला मीठपानी. हिला काय नाय माहीत."

त्यानंतर किती धावपळ झाली! छातीचा फोटो काढला, ऑक्सिजन लावला, सिस्टरच्या टेबलाजवळची खाट दिली. डॉक्टर तुम्हाला सगळ्यांदेखत बोलली. तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं, रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं की पोर हातचं जातं. तुम्ही मान खाली घालून चुकलं म्हणालात. मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

सिस्टरनं मला दाखवलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का ते बघत राहा. मी बघत राहिले. तीन वाजता खड्डा नीट दिसत नव्हता. चार वाजता दिसायला लागला. पाच वाजता निखिलच्या नाकपुड्या फुलत होत्या. आपण घरी गेलो असतो तर तो थकून झोपलाय असं समजून मी त्याला पांघरूण घातलं असतं.

पाचव्या दिवशी तो घरी आला. ह्यांनी सांगून टाकलं, आईकडे त्याला एकटं सोडायचं नाही. आणि मी काय म्हणाले? जाऊ दे हो, त्यांना काय कळतंय! तुम्ही पिशवी भरून भाऊजींकडे आपट्याला गेलात. निखिल पाळणाघरात. दिवाळीला यायचात तेव्हा त्याला मांडीवर घ्यायच्या आधी मला विचारायचात, "घेऊ का गं?"

का केलंत असं? डॉक्टरला खरं सांगून टाकायचं, मला चार शब्द सुनवायचे! मला तुमचा रागसुद्धा येतो, आई. तुम्ही मला वाचवलंत की कायमचं अडकवलंत, हे मला अजून ठरवता येत नाही.

शेवटच्या आजारात मी विचारलं होतं, ह्यांना सांगून टाकू का. तुम्ही नको म्हणालात. "पोराला आईचा भरवसा पायजे. आजीचा नसला तरी चालतो." आणि मला हायसं वाटलं. याची लाज मला त्या खोटेपणापेक्षा जास्त वाटते.

नाही चाललं, आई. तो तुमच्याजवळ कधी निवांत बसला नाही. तुमच्या हातचं काही खायच्या आधी माझ्याकडे बघायचा. तुम्हाला ते दिसत होतं ना?

आता मला भीती वाटतेय. तेरा वर्षांचा मुलगा, आईला तोडून बोलेल, की बोलणंच टाकेल? आणि हे काय म्हणतील? पण मी तुम्हाला शब्द देते. आज तो आला की आधी त्याला सांगेन. संध्याकाळी ह्यांना. मग सावंतांना, कारण त्यांच्या जिन्यात तुमचं नाव निघालंय. रविवारी आपट्याला भाऊजी आणि जाऊबाईंना.

निखिल विचारणार, मला ठाऊक आहे, की तू खोटं बोललीस आणि आजीही गप्प राहिली असती तर? मी सांगेन, तर तू नसतास.

तुमची,
शैला