दादा, तुझ्या खुणांवरून

प्रिय दादा,

उद्या सकाळी आपलं गाव पायवाटेचा शेवटचा तुकडा मोकळा करायला निघतंय, आणि सगळ्यांच्या पुढे मला चालायचंय. म्हणून हे पत्र. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

वाट तूच आखलीस ना! जंगल ओलांडून थेट अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत. पावसाळ्यात बैलरस्ता तलावाच्या पाण्यात बुडाला की आजारी माणसाला न्यायची सोय नसायची. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस वाटेच्या कामाला, असं तू चावडीवर ठरवून घेतलंस. आणि झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करायला मात्र एकटा गेलास. का रे गेलास एकटा?

वाघाने तुला धरून मारलं तिथे लोकांनी रिवाजाप्रमाणे दगड रचले. जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, मगच पुढे जायचं. दोन पावसाळे गेले, त्यात माझा दगड अजून नाही.

उरलेलं काम गावाने माझ्यावर सोपवलं. मी तुझ्या खुणा सोडून वाट नाल्याकडून फिरवली. "तिथं दलदल आहे," म्हणालो. दलदल कसली! मी घाबरलो होतो. शाळा शिकलेला म्हणून सगळ्यांनी ऐकलं. या श्रावणात नाला भरला आणि बाळंतपणात अडलेली शेवंता दुपारभर अलीकडेच खाटेवर कण्हत पडली. पाणी उतरलं म्हणून वाचली. मेली असती तर, दादा?

परवा वहिनीला खरं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती.

"मले मालूम आहे जी. दर बाजाराले मी तिथूनच तं जाऊन राहिली. दगड ठेवतो अन् जातो."

"भेव नाही लागत?"

"लागते ना! पण कायले फिरून जाऊ? माणूस माह्याच आहे तिथं."

मला तिच्याकडे बघवेना. काल चावडीवरही कबूल केलं. पाटील एवढंच म्हणाले, "मंग आता त्याच्याच खुणांवरून वाट काढू, तूच पुढं चाल."

ढोल असेल, माणसं असतील, तरी भीती जात नाही. उद्या पुढे मी चालणार, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

पण वचन देतो, मधून परत फिरणार नाही. अंगणातला एक दगड आत्ताच धोतराच्या सोग्यात बांधून ठेवलाय. घाबरत येईन, पण तुझ्याच खुणांवरून सरळ येईन.

तुझा भित्रा भाऊ,
बाबू