मायोहाचं नाव

२४ जून
तो येतोय म्हणे! माटारिकीचे तारे उगवताना बघायला. नवऱ्यानं, होहेपानं, जेवताना ताटातून मान वर न काढता सांगितलं. मी भांडी आपटली. गाडी चालवताना डुलकी लागली त्याला — सहा वर्षांची मायोहा गेली, आणि हा धडधाकट बाहेर आला. सून सोडून गेली. बरं केलं.
"पाओरा तुझा मुलगा आहे," होहेपा म्हणाला.
"ती माझी नात होती," मी म्हटलं.

२६ जून
पहाटे टेकडीवर. नुसतं धुकं. तरी होहेपा शेजाऱ्यांना समजावत होता — पूर्वेला, समुद्राच्या अगदी वर, आधी ओळीतले तीन तारे धरा. तिथून डावीकडे तांबूस तारा. आणखी डावीकडे बारीक ताऱ्यांचा झुपका, ती माटारिकी. एकटक बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा, मग दिसते. मायोहालाही त्यानंच शिकवलं होतं. तिला माझ्याआधी दिसायची.

२७ जून
रिपेका वन्सं आल्या होत्या. वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारायला माणसं त्याच पुढे बोलावतात. माटारिकीतला एक तारा गेलेल्यांचा — नाव ऐकलं की तो त्यांना वर घेतो. मी म्हटलं, मायोहाचं नाव मी घेणार. तर म्हणे, बाप उभा असताना आजीनं का?
बाप!
मी सांगून टाकलं, त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं तर मी टेकडी उतरेन.
"उतर," वन्सं म्हणाल्या. चहाही न घेता गेल्या.

२८ जून
ढग.

२९ जून
आला. बसनं. आता गाडीला हात लावत नाही, होहेपा सांगत होता. फार लवकर सुचलं! पाठमोराच पाहिला. वाळलाय. मी जेवायला हाक मारली नाही.

३० जून
आभाळ लख्ख. माटारिकी वर आली. वन्संनी त्याला पुढे बोलावलं. त्यानं तोंड उघडलं — आवाजच फुटेना. सगळे खाली बघत उभे. ताऱ्यांसाठी जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या रताळ्यांची वाफ वर चाललेली. उजाडायला लागलं, तारे विरायला लागले, तरी हा तसाच.
मीच पुढे झाले. त्याचा हात धरला आणि ओरडले, "मायोहा! माझ्या पाओराची मायोहा!"