कचऱ्यात टाकलेला प्रसाद

तीर्थरूप आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. ह्यांचा खोकला थांबला. तुझ्या डोळ्यांत वेळेवर औषध घालतं ना कुणी?

पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. आमच्या प्रार्थना मंडळाची दोन मंडळं झाली. कारण काय, तर प्रार्थना उभ्याने करायची की बसून! समोरच्या आजी म्हणाल्या, "देवाला माझे गुडघे ठाऊक आहेत," आणि बसणाऱ्यांत गेल्या. मी उभ्यांत. मग आमच्यात ठरलं, की त्यांचा प्रसाद घ्यायचा नाही.

शुक्रवारी आजी खडीसाखरेची पुडी घेऊन आल्या. नाही म्हणवेना. घेतली, दार लावलं आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली. ताटात शीत न ठेवणारी मी, आई!

पिशवी खाली न्यायला निघाले, तर जिन्यातच फाटली आणि पुडी वर येणाऱ्या आजींच्याच पायाशी पडली. त्यांनी गुडघा धरून, वाकून ती उचलली. एवढंच म्हणाल्या, "इतक्या स्वस्तातल्या पिशव्या घेऊ नकोस गं."

दोन दिवस मी त्यांची चाहूल घेऊनच बाहेर पडत होते. आज गेले. म्हटलं, "आजी, प्रसाद द्या."

"तुमच्यात चालतो?"

मी हात पुढे केला. त्यांनी चिमूटभर हातावर ठेवला आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

मंडळात अजून सांगितलेलं नाही. तेवढी छाती झाली नाही.

आज आशीर्वाद मागायलाही संकोच वाटतो.

तुझी,
धाकटी